रस्त्यावर चालणाऱ्या ट्रॉलीसाठी रेडियल टायरची निवड

शेतमाल शेतातून बाजारपेठेपर्यंत किंवा कारखान्यापर्यंत नेताना ट्रॅक्टरच्या इंजिनाकडे आपण जेवढे लक्ष देतो तेवढे ट्रॉलीच्या टायरकडे देत नाही. ट्रॅक्टरची सर्व्हिसिंग वेळेवर होते, ऑइल बदलले जाते. ट्रॉलीला मात्र जुन्या ट्रकचे उतरवलेले टायर बसवून अनेकजण हंगाम काढतात. पूर्वी ट्रॉली गावच्या शिवारातच फिरत असे, तेव्हा हे चालून जात होते. आता उसाच्या, कांद्याच्या आणि द्राक्षांच्या ट्रॉल्या चौपदरी रस्त्यांवरून तीस-चाळीस किलोमीटरची वाट रोज करतात. वजन वाढले, अंतर वाढले आणि शेजारून धावणाऱ्या वाहनांचा वेगही वाढला. अशा वेळी टायर फुटला तर नुकसान केवळ टायरचे होत नाही. तोडलेला ऊस शक्यतो २४ तासांच्या आत गाळला जाणे आवश्यक असते, उशीर होईल तसे वजन आणि साखर दोन्ही घटतात. शिवाय रात्री रस्त्याच्या कडेला कललेली ट्रॉली मागून येणाऱ्याच्या जिवावर बेतते, ते वेगळेच.

यासाठी अलीकडे शेतकरी बांधव रेडियल टायरची चौकशी करू लागले आहेत. रेडियल टायर चांगला हे खरे, पण तो प्रत्येक ट्रॉलीला फायद्याचा ठरतोच असे नाही. निवड कशी करावी आणि कोणी करू नये, याची माहिती या लेखात दिली आहे.

साधा टायर आणि रेडियल टायर यांतील फरक

टायरचा सांगाडा रबरात गुंडाळलेल्या धाग्यांचा असतो. साध्या, म्हणजे नायलॉन टायरमध्ये हे धागे तिरपे असून एकावर एक आडवे-तिडवे थर दिलेले असतात. त्यामुळे टायरची बाजू आणि माथा हे दोन्ही एकाच जाड कापडासारखे एकत्र काम करतात. बाजू दबली की माथाही आखडतो, रस्त्यावर घासतो आणि थर एकमेकांवर घासून उष्णता निर्माण होते.

रेडियल टायरमध्ये धागे एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत सरळ, चाकाच्या धावेशी काटकोनात गेलेले असतात. माथ्याखाली पोलादी तारांचे पट्टे असतात. बाजू लवचीक राहते आणि माथा मात्र पट्ट्यांमुळे सपाट राहून रस्त्याला पूर्ण टेकतो. फ्रान्समधील मिशेलिन कंपनीने १९४६ साली या रचनेचे पेटंट घेतले. ट्रक आणि बसमध्ये आज ती सर्वत्र रूढ झाली आहे.

या रचनेमुळे पुढील फायदे मिळतात.

१) चाक ओढायला कमी जोर लागतो, त्यामुळे लांबच्या वाटेवर डिझेलची काही बचत होते.
२) टायर कमी तापतो. उन्हाळ्यात डांबरी रस्त्यावर ही बाब सर्वात महत्त्वाची आहे.
३) नक्षी सारखी झिजते व टायर अधिक किलोमीटर चालतो.
४) ओल्या रस्त्यावर पकड चांगली राहते.

तोटेही तितकेच लक्षात घ्यावेत. रेडियलची किंमत जास्त असते. त्याची बाजू पातळ असल्याने उसाची किंवा तुरीची धसकटे, बांधावरचे दगड व खडी यांनी ती लवकर कापली जाते. बाजूला पडलेला खोल काप खात्रीने दुरुस्त होत नाही. कमी हवेवर किंवा जादा वजनावर चालवलेला रेडियल बाजूने अचानक उलतो. साधा टायर हा अत्याचार काही काळ सहन करतो, रेडियल करीत नाही.

टायरवरील अक्षरे व आकडे वाचावेत

दुकानदाराच्या शब्दावर न जाता टायरच्या बाजूवर लिहिलेले स्वतः वाचावे. त्यात पुढील गोष्टी पाहाव्यात.

*माप :* ‘१०.००-२०’ असे लिहिलेले असल्यास तो साधा टायर होय. ‘१०.०० आर २०’ असे असल्यास तो रेडियल होय. पहिला आकडा टायरची रुंदी आणि शेवटचा आकडा रिमचा व्यास इंचात दाखवतो.

*पी.आर. :* १४ पी.आर., १६ पी.आर. म्हणजे तेवढे थर आहेत असा अर्थ नाही. ती केवळ ताकदीची प्रतवारी आहे. रेडियलमध्ये प्रत्यक्षात पोलादी धाग्यांचा एकच थर असूनही तो १६ पी.आर. असू शकतो.

*भार क्रमांक :* हा सर्वात उपयोगी आकडा आहे. ‘१४६/१४३’ असे दोन आकडे असतील तर पहिला एकेरी चाकासाठी आणि दुसरा जोडचाकासाठी असतो. क्रमांकाचा अर्थ पुढीलप्रमाणे आहे.

१२० – १४०० किलो
१२५ – १६५० किलो
१३० – १९०० किलो
१३५ – २१८० किलो
१४० – २५०० किलो
१४३ – २७२५ किलो
१४६ – ३००० किलो
१४९ – ३२५० किलो
१५० – ३३५० किलो

हे वजन एका टायरचे असून टायरवर लिहिलेली पूर्ण हवा भरली तरच ते लागू होते.

*वेगाचे अक्षर :* भार क्रमांकापुढे इंग्रजी अक्षर असते. ‘ए ६’ म्हणजे ताशी ३० कि.मी., ‘ए ८’ म्हणजे ४० कि.मी., ‘एफ’ म्हणजे ८० कि.मी. आणि ‘के’ म्हणजे ११० कि.मी. शेती अवजारांसाठी बनवलेले टायर बहुधा ‘ए ६’ किंवा ‘ए ८’ प्रकारचे असतात. ट्रॅक्टरमागे ते चालतात. पण तीच गाडी जीप किंवा पिकअपमागे जोडून ६०-७० च्या वेगाने ओढली तर टायर तापून फुटतो. ट्रॉली कशामागे चालणार आहे हे आधी ठरवावे.

*बनावटीची तारीख :* लंबगोलातील शेवटचे चार आकडे पाहावेत. ‘२३२४’ म्हणजे २०२४ सालातील २३ वा आठवडा. दुकानात तीन-चार वर्षे पडून राहिलेला टायर नवा म्हणून घेऊ नये. टायरवर आय.एस.आय. चिन्ह असल्याची खात्री करावी.

वजनाचा हिशेब करून टायर निवडावा

‘आमच्या ट्रॉलीत आठ टन बसतात’ एवढ्या अंदाजावर टायर घेऊ नये. कारखान्यावर व बाजार समितीत वजनकाटा असतो. नेहमीप्रमाणे भरलेली ट्रॉली काट्यावर एका वेळी एकच आख घेऊन तोलावी. दोन चाकी ट्रॉलीचा काही भार ट्रॅक्टरच्या हुकावर येतो, म्हणून ट्रॉली ट्रॅक्टरला जोडलेली ठेवून फक्त ट्रॉलीची चाके काट्यावर घ्यावीत.

उदाहरण म्हणून चार चाकी ट्रॉली घेऊ. काट्यावर पुढच्या आखाचे वजन ४६०० किलो आणि मागच्या आखाचे ६००० किलो आले. एकूण १०,६०० किलो झाले. मागच्या प्रत्येक चाकावर सरासरी ३००० किलो येतात. परंतु रस्ता कडेला उतरता असतो, माल एका अंगाला सरकतो आणि वळणावर बाहेरच्या चाकावर भार पडतो. म्हणून किमान १० टक्के जादा धरावेत. म्हणजे ३३०० किलो झाले. येथे १४६ क्रमांकाचा (३००० किलो) टायर अपुरा पडतो आणि १४९ चाही (३२५० किलो) पुरत नाही.

आता तोच माल पुढे-मागे सारखा भरला तर प्रत्येक आखावर ५३०० किलो, प्रत्येक चाकावर २६५० किलो आणि १० टक्के जादा धरून २९१५ किलो येतात. मग १४६ क्रमांकाचा टायर पुरतो. म्हणजेच माल भरण्याची पद्धत सुधारल्याने महाग टायर घेण्याची गरज राहिली नाही. मोळ्या मागच्या बाजूला जास्त रचण्याची सवय टायरच्या दृष्टीने महाग पडते.

येथे एक गोष्ट स्पष्ट करणे आवश्यक आहे. नोंदणी पुस्तकात ट्रॉलीचे भारासह जे वजन लिहिलेले असते तीच मर्यादा होय. मजबूत टायर बसवल्याने आख, पाटे, हुक आणि ब्रेक मजबूत होत नाहीत. ‘रेडियल घातले, आता दोन टन जास्त घेऊ’ हा विचार सर्वस्वी चुकीचा आहे. घाटात किंवा उतारावर टायर टिकेल, पण ट्रॅक्टरला ट्रॉली थोपवता येणार नाही.

रेडियल कोणाला परवडतो?

रेडियल जास्त किलोमीटर चालतो, म्हणून तो स्वस्त पडतो असे सांगितले जाते. हे अर्धेच खरे आहे. टायर झिजून जसा संपतो तसा वयानेही संपतो. ऊन, वारा आणि एकाच जागी उभे राहणे यांमुळे रबर कडक होते व बाजूला बारीक भेगा पडतात. ट्रॉली वर्षातील बराच काळ उघड्यावर उभी असते, म्हणून हिशेबासाठी टायरचे वय सहा वर्षे धरू.

समजा साधा टायर १८,००० रुपयांना मिळतो व ४०,००० कि.मी. चालतो. रेडियल २४,००० रुपयांना मिळतो व ६०,००० कि.मी. चालतो. (हे आकडे केवळ गणित समजण्यासाठी मानलेले आहेत. प्रत्येकाने आपल्या गावचे भाव व आपला अनुभव घालून हिशेब करावा.) साध्याचा खर्च दर कि.मी.ला ४५ पैसे व रेडियलचा ४० पैसे येतो.

अ) ट्रॉली वर्षाला ३००० कि.मी. चालत असेल तर सहा वर्षांत १८,००० कि.मी. होतात. दोन्ही टायर झिजण्यापूर्वीच वयाने बाद होतील. येथे रेडियलसाठी दिलेले जादा ६००० रुपये वाया जातात.

आ) हंगामात १२० दिवस रोज ६० कि.मी. फेरी असेल तर वर्षाला ७२०० कि.मी. होतात. साधा टायर साडेपाच वर्षांत झिजून संपेल, म्हणजे त्याचे पूर्ण पैसे वसूल होतील. रेडियल सहा वर्षांत ४३,२०० कि.मी. चालेल व त्याचा खर्च सुमारे ५६ पैसे पडेल. येथेही साधाच स्वस्त ठरतो.

इ) वर्षाला १२,००० कि.मी. चालणाऱ्या ट्रॉलीला रेडियल पाच वर्षे पुरेल व ४० पैशांचा दर प्रत्यक्षात मिळेल. चार टायरवर वर्षाला २४०० रुपये वाचतील, डिझेलची बचत वेगळी.

वरील भावांनी दोन्ही टायरचा खर्च वर्षाला सुमारे ९००० कि.मी. या ठिकाणी बरोबरीस येतो. मात्र मधेच धसकटाने बाजू कापली गेली व रेडियल ३०,००० कि.मी. वर फेकावा लागला तर तोच खर्च ८० पैसे होतो, हेही विसरू नये.

यावरून पुढील निष्कर्ष निघतो. मुख्यतः पक्क्या रस्त्यावर, लांब अंतरावर व वर्षभर भाड्याने चालणाऱ्या ट्रॉलीला रेडियल घ्यावा. फडात, नांगरटीत व खडकाळ पाणंदीत जास्त फिरणाऱ्या ट्रॉलीला चांगला नवा नायलॉन टायर योग्य होय. किलोमीटर कमी पण प्रत्येक फेरी मोठी व उन्हाळ्यातील असेल तर रेडियल कमी तापतो, या सुरक्षिततेच्या कारणाने जादा खर्च करण्यास हरकत नाही. मात्र तो बचतीसाठी नव्हे, हे समजून करावा.

नक्षी कोणती असावी?

ट्रॉलीचे चाक ओढले जाते, ते स्वतः ओढत नाही. म्हणून त्याला ट्रॅक्टरच्या मागच्या चाकासारखी खोल गठ्ठ्यांची नक्षी लागत नाही. सरळ उभ्या पट्ट्यांची नक्षी रस्त्यावर हलकी चालते व कमी तापते. पावसाळ्यातही ट्रॉली शेतात जात असेल तर मधे पट्ट्या व कडेला गठ्ठे अशी मिश्र नक्षी घ्यावी.

बसवताना घ्यावयाची काळजी

१) एकाच आखावर एका बाजूला रेडियल व दुसऱ्या बाजूला साधा टायर कधीही बसवू नये. दोन्हींची लवचीकता वेगळी असल्याने ट्रॉली एका अंगाला ओढते व लहरत चालते. शक्यतो चारही टायर एकाच जातीचे असावेत. जोडचाकात दोन्ही टायरचा घेर सारखा असावा, नाहीतर मोठ्या टायरवर सगळा भार येतो.

२) रिम तपासावी. रेडियलमध्ये पुष्कळदा जास्त दाबाने हवा भरावी लागते. जुन्या, वेल्डिंग केलेल्या, गंजलेल्या किंवा नटांची भोके लंबगोल झालेल्या रिमवर तो बसवू नये.

३) ट्यूब असलेल्या रेडियलला रेडियलचीच ट्यूब व नवी फ्लॅप घालावी. जुनी ताणलेली ट्यूब आत दुमडून घासते व पंक्चर होते.

४) आखाचे बेअरिंग व पाटे पाहून घ्यावेत. आख वाकलेला असेल किंवा एक पाटा तुटल्याने आख तिरका झाला असेल तर चाक रस्त्यावर फरफटते. असा नवा टायर एका हंगामात एका कडेने साफ होतो. ट्रॉलीच्या हुकापासून दोन्ही चाकांच्या मध्यापर्यंत दोरीने अंतर मोजावे. ते सारखे असावे. चार चाकी ट्रॉलीत ही मोजणी पुढचा आख सरळ ठेवून करावी.

५) रिंग असलेल्या रिममध्ये हवा भरताना जिवाचा धोका असतो. रिंग नीट बसली नसेल तर ती गोळीसारखी उडते. हवा भरताना चाक लोखंडी पिंजऱ्यात ठेवावे. पिंजरा नसेल तर निदान जाड साखळीने आवळावे. लांब नळी लावून बाजूला उभे राहावे, चाकावर वाकू नये आणि हवा असताना रिंगवर हातोडा मारू नये. चाक काढण्यापूर्वी हवा पूर्ण सोडावी. मुलांना हवा भरण्याच्या जागी थांबू देऊ नये.

हवेचा दाब

रेडियल टायरची बाजू योग्य हवा असतानाही थोडी फुगलेली दिसते. त्यामुळे डोळ्यांनी पाहून, लाथ मारून किंवा टॉमीने ठोकून हवा ओळखण्याची आपली जुनी रीत येथे उपयोगी पडत नाही. दाबमापक विकत घ्यावा. एका टायरच्या किमतीपुढे त्याची किंमत नगण्य आहे.

दाब सकाळी टायर थंड असताना तपासावा. टायरवर कधी पौंड, कधी किलो तर कधी किलोपास्कल लिहिलेले असते. एक किलो म्हणजे सुमारे १४.२ पौंड आणि १०० किलोपास्कल म्हणजे सुमारे १४.५ पौंड. ८३० किलोपास्कल लिहिले असेल तर सुमारे १२० पौंड हवा समजावी. चालल्यानंतर टायर तापून दाब वाढतो, ते स्वाभाविक आहे. गरम टायरमधील हवा सोडू नये, कारण थंड झाल्यावर ती कमी पडते.

एखाद्या रेडियलमधील हवा शिफारशीपेक्षा २० टक्क्यांहून अधिक उतरलेली असून तो तसाच भाराखाली चालला असेल, तर त्यात लगेच हवा भरू नये. आतील पोलादी धागे वाकून मोडलेले असण्याची शक्यता असते. असा टायर हवा भरताना बाजूने फाटतो व जवळच्या माणसाला गंभीर इजा होते. तो रिममधून काढून आतून जाणकाराकडून तपासून घ्यावा.

जुना किंवा रबर चढवलेला टायर घ्यावा का?

नवा टायर प्रत्येकाला परवडेलच असे नाही. रबर चढवलेला टायर घ्यायचा असल्यास चांगल्या कारखान्यात, पाहून घेतलेल्या सांगाड्यावर रबर चढवलेले असावे. बाजूला फुगवटा, तारा उघड्या पडलेला काप किंवा भेगा असलेला टायर कितीही स्वस्त मिळाला तरी घेऊ नये. ट्रकने बाद केलेला टायर आपल्या ट्रॉलीला ‘चालून जाईल’ असे समजणे धोक्याचे आहे. ट्रॅक्टरचा वेग कमी असतो हे खरे, पण भार कमी नसतो.

नक्षीच्या खाचांमध्ये ठरावीक अंतरावर रबराचे छोटे उंचवटे असतात. नक्षी झिजून त्यांच्या बरोबरीला आली म्हणजे सुमारे १.६ मि.मी. शिल्लक राहिली असे समजावे व टायर बदलावा.

निगा

दर फेरीपूर्वी टायरभोवती एक चक्कर मारून दगड, खिळे, काप पाहावेत. नवीन बसवलेल्या चाकाचे नट ५०-६० कि.मी. नंतर पुन्हा आवळावेत. हंगाम संपल्यावर ट्रॉली ठोकळ्यांवर उचलून ठेवावी किंवा निदान रिकामी करून सावलीत लावावी, टायरवर गोणपाट टाकावे. डिझेल व ग्रीस टायरला लागू देऊ नये. एक चालू स्थितीतील स्टेपनी, जॅक, पाना आणि चाकाखाली लावायला दोन लाकडी ठोकळे सोबत असावेत. मागे लाल परावर्तक पट्ट्या असाव्यात. टायर फुटून थांबावे लागले तर ट्रॉली डांबरी रस्त्याबाहेर घ्यावी. मागे पुरेशा अंतरावर परावर्तक त्रिकोण ठेवावा व मगच पाना हातात घ्यावा. रस्त्यावर दगड मांडले असल्यास निघताना ते आठवणीने उचलावेत.

थोडक्यात सांगायचे तर हंगाम सुरू होण्यापूर्वी एक दिवस काढून चार कामे करावीत : ट्रॉली काट्यावर तोलावी, वर्षाचे किलोमीटर मांडावेत, टायरवरील भार क्रमांक व तारीख वाचावी आणि दाबमापक घ्यावा. ही चार कामे केल्यावर रेडियल घ्यायचा की नायलॉन, याचा निर्णय ज्याचा त्याला घेता येतो. यांतील तोलणे आणि दाब तपासणे ही दोन कामे टायर न बदलणाऱ्यांनीही अवश्य करावीत.